आधी पाणी, मग डफ

गायला बसण्याआधी डफवाल्या आक्का यजमानाच्या घरी जाऊन पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. पाणी आलं की आधी पेल्याकडे बघायच्या, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे. घरच्यांचा रोजचा पेला असला तर डफ पिशवीबाहेर. वेगळं भांडं दिसलं की आक्का चपला शोधायला लागल्याच म्हणून समजा.

आक्का मूळच्या निफाडकडच्या. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, पोहऱ्याला हात लागू द्यायचे नाहीत. ‘तुझी विहीर, माझा घाम, पाणी कुणाचं सांग रं’ हे गाणं त्यांनी त्यावरच रचलं होतं. नव्वदच्या दशकात ते नाशिकच्या वस्त्यावस्त्यांत घुमायचं. पण आक्कांचा विश्वास म्हणून कशावर नाही. कुणी हार घातला तर म्हणायच्या, "इलेक्शन आलं वाटतं." टाळ्यांचंही तेच. "गाणं लय गोड लागतं लोकांना. गाणारीचा इटाळ होतो."

मी त्यांच्या कार्यक्रमांना जायचे, आणि असं ऐकलं की चिडायचे. इतका संशय बरा नव्हे, असं तोंडावर सांगायचे.

"तुला कुणी वरून पाणी ओतलंय का कधी? नाय ना? मग गप."

ते गाणं आमच्यासारख्या सवर्ण घरांनी ऐकावं, हा माझा हट्ट. इंदिरानगरातल्या आमच्या महिला मंडळात कार्यक्रम ठरवला आणि आक्कांना आधी घरी आणलं. त्यांनी पाणी मागितलं. आईने शोकेसमधला नक्षीचा काचेचा ग्लास काढला, पुसला, भरून आणला.

आक्कांनी ग्लास पाहिला, मग मांडणीवरचे स्टीलचे पेले. "रोजचा नव्हता का, बाई?"

"पाहुण्यांना चांगला द्यावा ना," आई म्हणाली.

ग्लास तसाच टीपॉयवर ठेवून आक्का उठल्या. मी फाटकापर्यंत मागे धावले. "आक्का, आईच्या मनात तसं काही नाही हो."

"नसंल बी. पण मी कसं वळखायचं, सांग."

त्या गेल्या. आमच्या कॉलनीत ते गाणं कधी झालंच नाही. रडवेली आई म्हणत राहिली, "कौतुकाने काढला गं मी." मला ते पटलं. आक्कांचा भयंकर राग आला.

पुढच्या आठवड्यात मावशी आली. तिला पाणी मिळालं स्टीलच्या पेल्यात. मी शोकेसकडे बघितलं, तो ग्लास तिथे नव्हता.

"फुटला," आई म्हणाली. फुटलाही असेल.

आता आक्काही नाहीत, आईही नाही. कुणाच्या घरी गेले की मी पाणी मागते, तहान नसली तरी. आणि पाणी आलं की आधी पेल्याकडे बघते.