अडलेली लिव्हर

माझ्या मामाला जुन्या शिकारी रायफली जमवून दुरुस्त करायचा नाद आहे. स्वतः त्याने कधी ससाही मारलेला नाही. मामीला मात्र घरात बंदूक नकोशी वाटते. रायफली ठेवलेल्या खोलीत ती केर काढायलाही जात नाही.

परवा दुपारी मी मामाजवळ बसले होते. त्याच्या मांडीवरच्या रायफलीची लिव्हर, म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी, गंजून अडकली होती. ती खाली ओढून वर घेतली की पुढची गोळी नळीत चढते. मामा तेल सोडत होता, पुसत होता, थांबत होता. एकदम कडी हलली. आवाज ऐकून मामी दारात आली.

"रिकामी आहे. बघ ओढून," मामा म्हणाला.

मामी घुटमळली, मग आत आली. तिने कडी ओढली, वर घेतली, पुन्हा ओढली आणि हसली. ही वस्तू जीव घ्यायला घडवलेली, हे तेवढा वेळ आम्ही तिघंही विसरलो. अडलेलं काही सुटलं की माणसाला इतकं बरं का वाटत असावं?

"हात चांगला आहे तुमचा," रायफल परत देत मामी म्हणाली. "आता माझं शिलाई मशीन बघा. दिवाळीपासून बंद पडलंय."

मामाने रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तो तिच्यामागे गेला.