अंगठ्याला खबर न्हाई

माझ्या काळजाची नळी तुंबली होती. नांदेडच्या डॉक्टरानं ती मोकळी करायला मनगटातून तार घातली. काळीज छातीत, दार मनगटात. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

आत नेण्याआधी त्यानं नीट विचारलं होतं, "काका, कोणत्या हातातून करू? दोन्ही चालतील." मी उजवा पुढं केला. एवढ्या मोठ्या माणसाला डावा हात कसा द्यावा? आमच्यात डाव्या हातानं कुणाला पाणीसुद्धा देत न्हाईत. शिष्टाचार पाळला, आता भोगून राहिलो.

काळीज झकास चालतं म्हणे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र बधिर. मुंग्या येतात, सुई टोचली तर गोधडीवरून टोचल्यावाणी वाटतं. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाला, "हार्ट एकदम मस्त आहे."

"साहेब, भाकर हार्टानं थापू का?"

हसला. मग हात दाबून, हलवून पाहिला. "रक्त चांगलं चाललंय. नस दुखावली असेल. येईल हळूहळू." हळूहळू म्हंजे किती, ते कागदावर लिहिलं न्हाई.

बायको जाऊन वर्ष झालं. शेवटचे चार महिने ती खाटेला लागली, तेव्हा पडल्या पडल्या तिनं मला भाकर शिकवली. "कड डोळ्यानं नका बघू, बोटानं बघा," म्हणायची आणि माझ्या भाकरीला हसायची. हसता हसता खोकला लागायचा. जन्मभर आयतं खाल्लेल्या माणसाला तिनं चार महिन्यांत कामाला लावलं अन निघून गेली. तिचं तेवढंच माझ्या बोटांत उरलं होतं. तिथंच यांनी तार घातली.

लातूरचा पोरगा टपूनच होता. "दादा, चला आता. एकट्यानं करून खाणं जमायचं न्हाई." त्याच्याकडं चौथ्या मजल्यावर मला एक खोली, एक टीव्ही आणि सूनबाईच्या घड्याळावर चहा. सुख नुसतं उतू जातं तिथं. मी म्हणलं, "भाकर जमली न्हाई तर येतो." रविवारी तो गाडी घेऊन देगलूरला माझ्या घरी आला आणि गॅसपाशी परीक्षक होऊन बसला.

पहिली परातीतच फाटली.

"राहू द्या, दादा."

दुसरी निम्मी जाड, निम्मी पातळ. करपली. पोरगा उठून माझे कपडे पिशवीत भरायला लागला. तिसऱ्या वेळी बधिर बोटं वर उचलून धरली, करंगळी अन तिच्या शेजारचं बोट यांनीच कड चाचपत गेलो. फुगली न्हाई, पण अख्खी निघाली.

पोरानं ती ठेच्याशी खाल्ली. बराच वेळ चावून म्हणाला, "आईसारखी न्हाई झाली."

"तुझ्या आईनं जन्मभर थापल्या. मला वर्ष झालं. अजून एक टाकू का?"

त्यानं पिशवीतले कपडे काढून खाटेवर ठेवले आणि ताट पुढं सरकवलं.