दुसऱ्या सहीची जागा

चेरीवूडच्या ऑफिसात पोहोचून मी कोट काढत होते, तेव्हा मेधावहिनींचा फोन आला. "अनघा, हे गेले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी." मी काय बोलले ते आठवत नाही. बोलले असेन काहीतरी... मग वहिनीच सावकाश म्हणाल्या, "वेळ लिहून ठेवली आहे मी. नंतर कुणाला अंदाजाने सांगितलेलं त्यांना चालायचं नाही." कोटाची एक बाही हातात तशीच राहिली आणि मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. आमच्या दादांनी, विजय देवस्थळी या माणसाने, आपल्या बायकोलासुद्धा किती पक्कं तयार करून ठेवलं होतं ते त्या एका वाक्यात कळलं.

दादा टॅला या उपनगरात, आमच्याच घरांच्या रांगेत चार घरं सोडून राहायचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पुण्याहून पंचेचाळिशीत या देशात आलेले. औषधाच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांची नोकरी होती आणि ती नोकरी म्हणजे, एका वाक्यात सांगायचं तर, सही करणं. औषधाची बॅच तयार झाली की तिचे सगळे कागद त्यांच्याकडे यायचे. प्रत्येक कागदाच्या तळाशी दोन जागा असत : 'केलं' आणि 'तपासलं'. दादांची सही दुसऱ्या जागेवर. ती झाली नाही तर गोळ्या कारखान्याच्या बाहेर पडत नसत. या कामाचे नियम त्यांच्या हाडात मुरलेले होते. नोंद शाईनेच करायची. चूक झाली तर गिरवायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख. आणि मागची तारीख कधीही टाकायची नाही. उशीर झाला असेल तर आजची तारीख टाकून उशिराचं कारण लिहायचं.

हे नियम कारखान्यात राहिले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण दादा ते घरी आणत. आमच्या मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाच्या कुठल्या पातेल्यात शेंगदाणे आहेत याचा तक्ता ते करत आणि त्याच्याखाली दोन सह्या घेत. स्वयंपाकाला जमलेल्या बायका वैतागायच्या. "दादा, आमटी आहे हो ती, इंजेक्शन नाही," मी एकदा म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन माझ्या हातात दिलं. माझी सही झाल्यावरच आमटी पंक्तीत गेली.

इथलं नागरिकत्व घ्यायचं त्यांनी फार उशिरा ठरवलं. भारताचा पासपोर्ट परत करून आले त्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती खाताना एवढंच म्हणाले, "तिकडचं मत गेलं माझं. आता इथलं तरी नीट द्यायला पाहिजे." आणि थोड्याच महिन्यांत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. आपल्याकडे राष्ट्रपतीसाठी तुम्ही-आम्ही मत देत नाही, इथे देतो, याचंच त्यांना केवढं अप्रूप होतं. मी म्हणायचे, त्या पदाला अधिकार तरी काय आहेत? फिती कापायच्या आणि हात मिळवायचे. यावर दादांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसवून शिकवणीच घेतली. "कायदा कोण करतं? सरकार, संसद. म्हणजे 'केलं' त्यांचं. पण राष्ट्राध्यक्षाने सही केल्याशिवाय तो कायदा होत नाही. आणि शंका आली तर तो कायदा कोर्टाकडे पाठवता येतो त्याला. म्हणजे 'तपासलं'ची सही याची. माझीच नोकरी आहे ती, अनघा. फक्त घर मोठं मिळतं."

तेव्हापासून त्यांची निळी वही सुरू झाली. शिवलेली, पानांवर आकडे घातलेली, कारण सुटं पान काढून टाकता येतं. एकेका उमेदवाराला दोन-दोन पानं. तो काय म्हणाला, कुठे म्हणाला आणि शेवटच्या रकान्यात 'स्वतः ऐकलं' की 'ऐकीव'. ऐकीव गोष्टींना त्यांच्या लेखी वजन नव्हतं, त्या नुसत्या लिहून ठेवायच्या. पानाच्या तळाशी अर्थातच दोन जागा. 'तपासलं'वर सही करायला वहिनींनी साफ नकार दिला, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. सही करायची तर ऐकायला हवं, म्हणून मी त्यांच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर उमेदवारांच्या चर्चा ऐकल्या, चकल्या खाल्ल्या आणि सह्या केल्या. माझं मत तेव्हा नव्हतंच, मला नागरिकत्व मिळायला अजून अवकाश होता. दारावर प्रचाराला माणसं येत त्यांनाही दादा एकच प्रश्न विचारत : तुमच्या उमेदवाराने आयुष्यात कधी कशावर सही करायला नकार दिला आहे का? एक उमदा, लालबुंद गालांचा गृहस्थ बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, युअर मॅन इज साउंड. ही'ल बी ग्रँड." म्हणजे माणूस चांगला आहे, निभावेल. दादांनी त्याला चहा पाजला आणि वहीत लिहिलं : उत्तर मिळालं नाही.

हा प्रश्न त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. कारखान्यात एकदा एका बॅचच्या तापमानाच्या नोंदींतले तीन तास कागदावरून गायब होते. ट्रक दाराशी उभा, वरिष्ठ डोक्यावर उभे, सगळे सांगताहेत की काही झालेलं नसणार. दादांनी सही केली नाही. पुढच्या बढतीत त्यांचं नाव नव्हतं. हे मला त्यांनी नाही, वहिनींनी सांगितलं, तेही कितीतरी वर्षांनी. दादांना विचारलं तर म्हणाले, "काही झालेलं नसणारच. पण मला ते माहीत नव्हतं ना."

आणि अशा माणसाने आपलं पहिलं मत बिघडवलं. आजही लिहिताना मला वाईट वाटतं. शाळेच्या हॉलमध्ये मतदान होतं, मी हौसेने सोबत गेले होते आणि बाहेर उभी होते. आत मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायला दोरीला बांधलेली पेन्सिल असते. पेन्सिल! दादांना ते बघवलं नाही, त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं. गडबडीत 'एक' हा आकडा वरच्या ओळीतल्या भलत्याच उमेदवाराच्या फोटोपुढे पडला. मग काय... एक आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं, तारीख, आणि योग्य ओळीत नवा आकडा. बाहेर येऊन मला समाधानाने म्हणाले, "चूक झाली, पण नियमाने दुरुस्त केली." मी आधी हसले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "दादा, मत गुप्त असतं. त्याच्यावर तुम्ही सही करून आलात?"

त्यांचा चेहरा उतरला. तसेच आत गेले, मी दारापर्यंत मागोमाग. टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर ते मत बाद होतं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. "यू कुड हॅव आस्क्ड मी फॉर अनदर वन, लव्ह," त्या म्हणाल्या. पेटी उघडून तो कागद काढता येईल का, असं दादांनी विचारलं. नाही, आता कुणालाच काढता येणार नाही. "बरोबर आहे," दादा म्हणाले, "तसंच पाहिजे." घरी उतरताना मात्र म्हणाले, "सात वर्षं." पुढची निवडणूक सात वर्षांनी होती. मधल्या साध्या निवडणुकांत त्यांनी नीट मत दिलं, पण ही सल गेली नाही.

ती सात वर्षं संपली तेव्हा दादांच्या पोटातला आजार बराच पसरला होता. बैठकीच्या खोलीत पलंग लावला होता, उशीशी निळी वही. यावेळी मलाही मत होतं, राष्ट्राध्यक्षासाठीचं पहिलंच. आणि मला ते द्यायचं नव्हतं. माझ्या मुलीला, सईला, बोलायला त्रास होतो. तिच्या सरकारी तपासणीची आम्ही अडीच वर्षं वाट बघत होतो. पत्र यायचं, त्यात लिहिलेलं असायचं की तुम्ही रांगेत आहात, धन्यवाद. मतपत्रिकेवरची नावंही मोजकी, त्यातलं एकही मला आपलं वाटत नव्हतं. ऑफिसात बरेच जण मत मुद्दाम बाद करण्याची भाषा करत होते आणि मला ती पटली होती. शेवटच्या मोठ्या चर्चेच्या दिवशी दादांच्या पलंगाशेजारी बसले असताना अर्ध्यावर मी ते बोलून टाकलं. "मी कागदावर मोठी फुली मारून येणार आहे, दादा. यांच्यावर कसला विश्वास ठेवायचा?"

दादांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "माझं चुकून वाया गेलं, ते सात वर्षं टोचतंय मला. तू मुद्दाम घालवणार?"

"तुमची मुलं शिकून मोठी झाली. तुम्हाला कुठल्या रांगेत उभं राहायचंय?"

बोलले आणि जीभ चावली. आजारी माणसासमोर रांगेच्या गोष्टी... पण माघार घेण्याचा माझा स्वभाव नाही. दादा शांतपणे म्हणाले, "विश्वास ठेव असं मी कधी म्हटलं? विश्वास असता तर दुसरी सही कशाला लागली असती? तपास, एवढंच म्हणतोय." मी उठले. त्यांनी वही पुढे केली होती. 'तपासलं'ची जागा मोकळीच टाकून मी निघून आले.

पाच दिवस मी त्यांच्या घरी गेले नाही. मतदानाच्या दिवशी वहिनींचा फोन आला. "हे तुझ्याशिवाय कुणाबरोबर जायला तयार नाहीत गं." व्हीलचेअर गाडीत घातली, तीच शाळा, तोच हॉल. दादांनी खिशातल्या पेनाला हात लावला आणि मग दोरीची पेन्सिल उचलली. बराच वेळ लागला. मध्येच त्यांनी हात वर केला, टेबलामागच्या माणसाने येऊन त्यांच्याकडचा घडी केलेला कागद घेतला आणि दुसरा दिला. तो पेटीत टाकून झाल्यावर मला म्हणाले, "हात थरथरला, पहिला बिघडला. मागितला, त्याने दिला. एवढंच करायचं होतं तेव्हा."

मग माझी पाळी. फुली मारायचीच म्हणून मी आत गेले होते, खरं सांगते. पण पेन्सिल हातात घेतल्यावर नावं नुसती नावं राहिली नाहीत. कोण काय म्हणालं होतं, कुणी प्रश्न टाळला होता, कुणी 'मला माहीत नाही, वाचून सांगेन' असं कबूल केलं होतं, हे सगळं मी त्या पलंगाशेजारी बसून ऐकलेलं होतं. त्यांच्यात फरक नाही असं म्हणणं माझ्याने झालं नाही. मी आकडे घातले. गाडीत दादांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते पुढे डिसेंबरपर्यंत होते. मी रोज जात होते, इतर सगळं बोललो... हे तेवढं राहिलं. त्यांनी विचारावं म्हणून मी थांबले होते, आणि मत गुप्त असतं म्हणून ते विचारणार नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी निळी वही माझ्याकडे दिली. शेवटचं पान शेवटच्या चर्चेचं. अक्षर हललेलं, पण ओळी सरळ. 'केलं'पुढे त्यांची सही. 'तपासलं'पुढे मोकळी जागा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की इथे सही करावी आणि त्या दिवसाचीच तारीख टाकावी, म्हणजे मी उठून गेलेच नव्हते असं होईल. पेन टेकवलंही होतं. मग आठवलं, मी अर्धीच चर्चा ऐकली होती.

गेल्या रविवारी मी ती चर्चा इंटरनेटवर शोधून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. निवडणूक होऊन गेलेली, निकाल लागलेला, निवडून यायचं ते आलेलं. सई शेजारी बसली होती. "आई, इट्स ओव्हर. व्हाय आर यू वॉचिंग इट?" तिने एकेक शब्द जुळवत विचारलं. तिच्या तपासणीचं पत्र अजून आलेलं नाही. मी म्हटलं, "दादाकाकांचा गृहपाठ राहिलाय माझा." ओळीओळीवर बोट ठेवून मी तपासत गेले आणि सातव्या ओळीशी थांबले. दादांनी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर लिहिलं होतं. मी मागे जाऊन तीनदा ऐकलं. चूक त्यांचीच होती. तेव्हा मी उठून गेले नसते, तर तिथल्या तिथे सांगितलं असतं.

मी त्या नावावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर नाव लिहिलं, शेजारी माझी आद्याक्षरं आणि तारीख घातली. मग पानाच्या तळाशी सही केली आणि आजची तारीख टाकली. समासात लिहिलं : 'उशिराचं कारण : तपासणारी रागावून उठून गेली होती. मत मात्र तिने दिलं.'