सायलीची शिफारस आणि माझं पित्ताशय

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरातली वरची खोली आम्ही महाराष्ट्रातून आलेल्या डॉक्टर पोरांना देतो. पोरं वर्ष-दोन वर्षं राहतात, निघून जातात, आणि मागे एखादा फुटका कप आणि चार किस्से टाकून जातात. कप बिनमध्ये जातो. किस्से कुठं टाकू? विहारात जेवताना कुणी नुसतं "मावशी, तुमचे डॉक्टर काय म्हणतात?" विचारलं, की मी सुरू!

मी चौथी पास. पण सर्जन व्हायला काय लागतं, ते मला विचारा. डोकं लागतं, हात लागतो, आणि सगळ्यात जास्त लागते मोठ्या साहेबाची शिफारस!

*

सायलीच्या आधी निरंजन होता. आपल्याकडची पद्धत ठाऊक आहे ना? साहेबाला वेळ नसतो, म्हणून पोरानंच आपलं कौतुक टाइप करून न्यायचं, साहेब खाली सही ठोकतो.

या पठ्ठ्यानं इथंही तेच केलं! "अत्यंत कुशल, अत्यंत मेहनती, अत्यंत नम्र..." पानभर! कन्सल्टंटनी, म्हणजे इथल्या मोठ्या साहेबांनी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "काय विलक्षण माणूस आहे! माझी ओळख करून देशील?"

निरंजन आता जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होतोय. सुखात आहे.

*

मग सायली आली, लातूरची. दारातच "जय भीम, मावशी" म्हणाली आणि बॅग ठेवायच्या आधी किचनमध्ये कांदा चिरायला बसली. तिला त्याच कन्सल्टंटच्या हाताखाली काम मिळालं.

तिच्या पप्पांना राहवेना. त्यांनी आमदाराचं पत्र घेतलं. मी फोनवर ओरडले, "अहो भाऊ, इकडे असलं चालत नाही!" ऐकतील तर शपथ! परस्पर साहेबांना ईमेल!

साहेबांनी सायलीला बोलावलं. "या आमदारांनी तुला काम करताना पाहिलंय?"

पोरगी खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत! म्हणाली, "सर, त्यांच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला मी होते. पण तेव्हा ते बेशुद्ध होते."

"अच्छा," साहेब म्हणाले. "म्हणजे माझा साक्षीदार झोपलेला होता."

*

सायलीचा सगळा जीव टाक्यांत. केळ्याच्या सालीला टाके, उशीला टाके! एकदा फ्रिजमधल्या चिकनच्या तंगड्यांवर प्रॅक्टिस केली आणि सांगायला विसरली. मी रस्सा केला. आमच्या ह्यांच्या दातात निळा दोरा अडकला.

ह्यांनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाले, "काय गं सायली, एवढं ऑपरेशन करूनही वाचली नाही का ही?"

*

हसत होतो, पण पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. ऑगस्टमध्ये तिचं इथलं काम संपणार. लीड्सला सर्जरीची जागा होती, इंटरव्ह्यू झाला होता, राहिली फक्त साहेबांची शिफारस. ती गेली नीट तर लीड्स, नाहीतर व्हिसा संपला, चला लातूर!

आणि साहेब कसला? दगड! वर्षभरात तोंडातून एकच शब्द, "फाइन." चांगलं केलं तरी फाइन, पाऊस पडला तरी फाइन!

"मावशी, लीड्सलाही त्यांनी नुसतं फाइन लिहिलं तर मी संपले," असं म्हणून पोरगी पोळी हातात धरून रडली.

मी म्हटलं, "मी बघते त्याच्याकडे!"

"मावशी, प्लीज! काही करू नका!"

*

मी काही केलं नाही हो! पित्ताशयानं केलं! खडे झाले, आणि ऑपरेशनला साहेब तेच. सकाळी मी तो मागून उघडा गाऊन घालून बसलेली, साहेब सहीचा कागद घेऊन आले. मागे सायली, पांढरीफटक.

"काही विचारायचंय?" साहेब म्हणाले.

"हो. सायलीची शिफारस पाठवलीत?"

सायलीनं डोळे मिटले.

"आज सकाळीच."

"काय लिहिलंत?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, मॅडम."

"मग माझं पित्ताशयही कॉन्फिडेन्शियल! न्या तुमचा कागद!"

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. म्हणाले, "कापणार मी. टाके ती घालणार. चालेल?"

मी सही केली!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझं पोट वाकून पाहिलं. पुन्हा वाकून पाहिलं. मग सायलीकडे न बघता म्हणाले, "फाइन." आणि चालते झाले! मी मागून मराठीत जे बोलले, ते इथं सांगत नाही.

*

सायलीला लीड्स मिळालं! मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, शेजारच्या गोऱ्या म्हातारीला तीन दिले!

पहिल्याच दिवशी तिकडच्या बाईसाहेबांनी सायलीला केबिनमध्ये बोलावलं. समोर तिच्या साहेबांचा शिफारशीचा कागद. "तुझ्या साहेबांनी एवढ्या मोठ्या चौकटीत एकच ओळ लिहिलीय," त्या म्हणाल्या. "याचं मी काय करू, तूच सांग." आणि वाचून दाखवली:

"सप्टेंबरमध्ये माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे, टाके घालायला डॉक्टर सायलीला एक दिवस परत पाठवाल का?"