भिंतीलगत एकच गाडी मावते

मी शिकून कमवायला लागायच्या आधी आमचं घर मायच्या बोटांवर चालायचं. फुलसावंगीच्या शिवारात आमचं शेत होतं, पण नावाला. वरच्या अंगाचं, खडकाळ. साधलं तर घरापुरती तूर व्हायची. बाकी हंगामभर बाबा दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापूस ओढायला जायचे आणि माय दुसऱ्यांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वेचणीला. वेचणी किलोवर. काट्यावर जेवढं भरेल तेवढंच आपलं. म्हणून थंडीच्या दिवसांत माय तांबडं फुटायच्या आत घराबाहेर पडायची. बोंडांवर दव असतं तेव्हा, आणि दवातला कापूस जड भरतो. हे वेचणाऱ्या बायांना माहीत होतं, शेतमालकालाही माहीत होतं.

"ऊन पडल्यावर येत जा ना वो बायाहो," मालक म्हणायचा.

"ऊन पडल्यावर आलो तं अंधार पडल्यावर वेचू द्यान काय?" माय विचारायची. तो नुसता हसायचा.

गार पाण्यात भिजल्यासारखी तिची बोटं व्हायची. संध्याकाळी ती चुलीजवळ बसून भेगांना तेल लावायची आणि मी तिला माझा धडा वाचून दाखवायची.

एका हिवाळ्यात मालकानं एका बाईच्या गठुड्यात कोपरापर्यंत हात घातला, तो चिंब ओला बाहेर निघाला. तिनं प्यायच्या बाटलीतलं पाणी आत मारलं होतं. दुसऱ्या दिवशी बायांनीच तिला हाक दिली नाही. माय तिच्या दारावरून न थांबता गेली. मी मायला विचारलं, "दवाचं पाणी चालते, मंग बाटलीचं काहून नाई चालत?"

माय म्हणाली, "दव म्या नाई पाडलं. थे सगळ्यायवर सारखंच पडते. जो आधी जाते त्याले गवसते."

पुढच्या वर्षी मालकानं कापूस ताडपत्रीवर पसरून, उन्हात वाळवूनच काट्यावर घ्यायला सुरुवात केली. दवाचा फायदा संपला. माय दोन-चार दिवस कुरकुरली. पण मागच्या दवाला कोणी चोरी म्हटलं नाही.

आता मावसबहिणीबद्दल.

मावशी मायची धाकटी बहीण. तिला दिग्रसला दिलेली, मावसाजींचं कापडाचं दुकान. त्यांची ही एकच मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण दूध-तूप खाऊन अंगानं माझ्याहून भरलेली, त्यामुळे तिचे कपडे मला यायचे. मोठीचे कपडे धाकटीनं घालावेत ही सगळीकडची रीत. मी धाकटीचे घालून मोठी झाले. आजही ती नवा ड्रेस घालून समोर आली की माझी नजर पहिली शिवणीवर जाते, कंबरेत किती आत घ्यावा लागेल ते बघायला.

पदवी मात्र मी मिळवली. यवतमाळला राहून बीएस्सी, आमच्या घराण्यात पहिली. ती अजून एका विषयात अडकलेली आहे. हे मी मुद्दाम इथं लिहिते, कारण यापुढचं बरंचसं तिच्या बाजूचं आहे.

पदवीनंतर मला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. कारखान्यात आलेला-गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. यवतमाळात खोली घेतली. हॉस्टेलमध्ये असताना मला मोबाईलवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा नाद लागला होता, तो सुटला नाही. जगभरची माणसं त्यात खेळतात, पण विदर्भातल्या पोरापोरींचा एक गट होता, त्यांच्या शर्यती दर रविवारी व्हायच्या. हंगामाच्या शेवटी प्रत्येक जिल्ह्यातून सगळ्यात जास्त गुणांचा एकच खेळाडू नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. तिथं खरी सीट, खरं स्टिअरिंग, समोर मोठा पडदा.

ती जागा मला पाहिजे होती. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण तो कागद दाखव असं मला आजवर कोणी म्हटलं नाही. जिल्ह्याकडून गेलेली पोरगी म्हटलं की बसस्टँडवरच्या माणसालाही कळतं. मायलाही कळलं असतं.

हंगामाच्या सुरुवातीला जिल्ह्यात मी पुढे होते. तेव्हाच मी मावसबहिणीला गटात घेतलं. खेळ शिकवला, कोणती गाडी घ्यायची ते सांगितलं. माझा हेतू सरळ होता. एखाद्या गोष्टीत तरी तिनं मला पुढे बघावं.

तिनं मला पुढे बघितलं ते तीनेक रविवार.

खेळात आमच्या गाड्या पळायच्या त्या रस्त्यावर आधी घाटाची वळणं होती आणि शेवटी धरणाच्या भिंतीलगत एक लांबलचक वळण. तिथं सगळे ब्रेक लावायचे. तिनं लावला नाही. गाडी सरळ भिंतीला टेकवली आणि वेग न सोडता घासत घासत निघून गेली. खऱ्या रस्त्यावर असं केलं तर गाडीचा चेंदामेंदा होईल. पण नवी पोरं कंटाळून सोडून जाऊ नयेत म्हणून आमच्या गटानं गाडी फुटणं बंद ठेवलं होतं. मग काय, भिंतच तिची गाडी वळवून द्यायची. पहिल्यांदा मला वाटलं, बिचारी धडकली. पुढच्या फेरीत ती पुन्हा धडकली आणि माझ्यासमोरून निघून गेली. त्या रविवारी मी मोबाईल गादीवर आपटला. जमिनीवर आपटायची माझी ऐपत नव्हती.

त्यानंतर ती जिंकतच गेली. मावशी मायला फोन करून सांगायची आणि माय मला फोन करून सांगायची, "पोट्टी लय हुशार निघाली वो. तूच शिकवलं म्हणे." त्यातलं दुसरं वाक्य मायला कौतुकाचं वाटत होतं.

त्याच सुमारास गटातून एका मुलाला काढलं. त्यानं खेळाचं ॲपच बदलून घेतलं होतं. सरळ रस्त्यावर त्याची गाडी अशी सुटायची की खेळात तेवढा वेगच नाही. त्याला काढलं ते बरोबरच होतं. ते बाटलीचं पाणी. पण मी ती संधी साधली. गट चालवणाऱ्याला लिहिलं, त्याला काढलं तर माझ्या मावसबहिणीलाही काढा.

गट चालवणारा यवतमाळचाच, मोबाईल दुरुस्तीचं काम करणारा. त्यानं लगेच फोन केला.

"ताई, तिनं ॲप बदललं काय?"

"नाही."

"कोणाले मुद्दाम धडक मारली?"

"नाही. पण भिंतीला घासून जाते ती."

"भिंतीची तक्रार अजून कोणी केली नाई ताई. नियमात भिंतीचं काई लिहिलंच नाई आपण. मी कायच्या आधारावर काढू?"

"मग लिहा ना."

"लिहितो. पुढच्या हंगामात गाडी फुटणं चालू करतो. पण अर्ध्यात नियम बदलला तं लोक मलेच बेइमान म्हणतीन."

त्यानं फोन ठेवला, आणि बहुधा लगेच तिला केला. कारण थोड्या वेळानं तिचा आला. आवाजात हसू होतं.

"ताई, माह्या नावानं तक्रार केली म्हणे तू."

"केली. बेइमानी आहे ती."

"बेइमानी? भिंत मी बांधली काय वो?"

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "मावशी दवात वेचे, तूच सांगतलं मले. मंग थे काय होतं?"

ही गोष्ट मीच तिला सांगितली होती, त्यांच्या गच्चीवर बसून, मोठ्या अभिमानानं. आयुष्यभर मी तिचे कपडे घातले. तिनं माझी ही एकच गोष्ट उचलली, आणि ती तिला कुठंही आत न घेता बरोबर बसली.

"मायच्या बोटाला भेगा पडायच्या," मी म्हटलं. "तुझ्या बोटाला काय होतं? तू तर मोबाईल तापू नये म्हणून त्याच्या मागं पंखा लावून खेळतेस."

"मंग पंख्याचीबी तक्रार कर," ती म्हणाली.

तो आठवडा मी कारखान्यात कोणाशी धड बोलले नाही. मला सारखं वाटत होतं की दव गरजवंतासाठी असतं. मायला गरज होती म्हणून तिचं चालतं, हिला कशाची कमी म्हणून हिचं चालावं? पण माय तसं कधी म्हणालीच नव्हती. मी गरीब आहे म्हणून दव माझं, असं नाही. मी आधी आली म्हणून माझं. मावसाजींची पोरगी तांबडं फुटायच्या आत पऱ्हाटीत उतरली असती तर तिचाही कापूस तेवढाच जड भरला असता. उतरली नसती, ही गोष्ट वेगळी.

हे पटलं म्हणून माझा जळफळाट कमी झाला असं नाही. उलट वाढला. ती चोर असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मीही भिंत धरली. आधी फार वाईट गेलं. गाडी नेमक्या कोनातून टेकली नाही की उलटी फिरते. पत्रा घासल्याचा आवाज असा येतो की दात शिवशिवतात. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, मी तेच वळण पुन्हा पुन्हा घेत होते. हळूहळू जमलं. आणि जमल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी तिच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण तोवर भिंत ती एकटीच वापरत होती. भिंतीलगत एकच गाडी मावते. पहिली टेकली की दुसरीला तिच्या मागंच घासत यावं लागतं, नाहीतर बाहेरून ब्रेक लावून.

म्हणजे ज्याची गाडी भिंतीपाशी आधी पोचेल, त्याची भिंत. आणि भिंतीच्या आधी घाट. घाटात मी तिच्याहून चांगली होते. माझा मोबाईल जुना, तापणारा, नेट अडखळणारं. चुकलं तर सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून न चुकण्याची सवय लागलेली.

मी दोन रविवार जिंकले. शेवटच्या शर्यतीला आम्हा दोघींचे गुण सारखे झाले. जी पुढे येईल ती नागपूरला.

आणि आदल्या दिवशी आमच्या भागातलं नेट गेलं. टॉवरचं काहीतरी बिघडलं होतं. फोन तेवढा लागत होता. गट चालवणाऱ्याला मी तसं कळवलं, तर थोड्या वेळानं तिचा फोन.

"कायले टेन्शन घेतं ताई? इकडं ये. वायफाय फुल आहे. मावशीलेही बोलावतो, आईनं पातोडी करायचं ठरवलं."

मी येते म्हटलं. तिला मी जिंकायची भीती नव्हती, हे मला तिच्या सगळ्या ड्रेसांपेक्षा जास्त लागलं.

रविवारी सकाळी एसटीनं दिग्रसला गेले. माय फुलसावंगीहून आधीच येऊन मावशीबरोबर स्वयंपाकघरात बसली होती. घरभर पातोडीच्या रश्श्याचा वास. मावसबहिणीला स्वतःची खोली आहे, तिला आतून कडी आहे. टेबल, फिरणारी खुर्ची, मोबाईलच्या मागं तो पंखा.

"खुर्ची तू घे," ती म्हणाली. "तुही पाठ दुखते." आणि स्वतः पलंगावर मांडी घालून बसली. मी खुर्ची घेतली. फार छान खुर्ची होती.

शर्यत सुरू व्हायच्या वेळेला माय पिठाचे हात घेऊन दारात आली. "आपली कोणती?"

"लाल," मी म्हटलं.

"अन् थे निळी?"

"माही, मावशी."

"मंग दोन्ही आपल्याच हाय," माय म्हणाली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. मला ते आवडलं नाही.

गाड्या सुटल्या. सरळ रस्त्यावर ती पुढे. घाटाच्या पहिल्या वळणावर मी तिच्या बरोबरीला, तिसऱ्यावर तिच्या पुढे. दोन फेऱ्या ती थोडं थोडं करत मला पुन्हा गाठायची, घाटात मी पुन्हा पुढे निघायची. शेवटच्या फेरीत घाट उतरताना ती माझ्या अगदी मागं होती. धरण दिसलं. मी ब्रेकवरून बोट उचललं आणि गाडी भिंतीला टेकवली.

"सरक ना ताई," ती पलंगावरून ओरडली.

"कुठं सरकू? भिंत मी बांधली काय?"

तिनं मागून धक्का दिला. मुद्दाम धडक द्यायची नाही हा नियम आमच्याकडे लिहिलेला होता, तक्रार करायचा हक्क मला होता. पण भिंतीलगत गाडी बाजूला फेकली जात नाही. धक्का बसला की ती सरळ पुढे जाते. तिच्याच धक्क्यानं मी वळणातून बाहेर पडले आणि रेषा ओलांडली. निळी मागून आली.

पडद्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. मग मायनं विचारलं, "झालं काय? कोण आली?"

"ताई," मावसबहीण म्हणाली. "मीच ढकललं तिले."

"मंग चाला जेवाले."

जेवण झाल्यावर मी बसला निघाले, तेव्हा ती मागून आली. तिनं मोबाईलमागचा पंखा काढला होता. "घे. नागपूरले सराव करताना लागन. तुहा मोबाईल तव्यासारखा तापते." डोळे जरा लाल होते तिचे, पण आवाज नेहमीचा.

पुन्हा तिची वापरलेली वस्तू. मी घेतली. बसमध्ये लावूनही पाहिली. चांगली चालते.

तिचा हेवा मला वाटतोच. हरल्यावरही पंखा देता येतो, हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही. मला आलं नसतं. पुढच्या हंगामात गाडी फुटणं चालू झालं आणि भिंत संपली. आता आम्ही दोघीही तिथं ब्रेक लावतो.

नागपूरला माझा पहिला नंबर आला नाही. पण यवतमाळ जिल्ह्याच्या जागेवर मी बसले, आणि जिल्ह्याकडून कुठंही गेलेली आमच्या घरातली पहिली मीच.