निकालानंतरची दुपार

बी.एस्सी. झाल्यावर मी लातूरला खोली घेऊन भरतीच्या परीक्षांची तयारी करत होतो. खोलीतला जोडीदार कंधारकडचा, एम.ए. झालेला, मेसच्या पातळ वरणावरही हसवणारा. तलाठी भरतीचा निकाल लागला त्या सकाळी आमच्यापैकी कुणाचाच नंबर लागला नव्हता. मी पांघरूण ओढून पडलो. तो म्हणाला, "चहा पिऊन येतो."

दुपारी जाग आली ती त्याच्या फोननं. फोन खोलीतच राहिला होता. पडद्यावर 'बाबा'. मी उचलला नाही. आदल्या वर्षी शेजारच्या अभ्यासिकेतला एक मुलगा असाच निकालानंतर बाहेर पडला होता आणि परतला नव्हता.

त्याचा फोन खिशात टाकून टपरी, अभ्यासिका, मेस, सगळीकडे फिरलो. शेवटी रेल्वे रुळांकडे गेलो. लांबून तिथं माणसं जमलेली दिसली आणि मी थांबलो. समोरून येणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "म्हैस गेली बघा, गाडीखाली." मी तिथंच खाली बसलो.

पुन्हा फोन वाजला. या वेळी उचलला.

"काका, तो आंघोळीला गेलाय."

"निकाल कळलाय मला," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, घरी ये. कुणी काय म्हणत न्हाई."

अंधार पडायच्या आत तो बसस्टँडवर सापडला, एका बाकावर.

"कुठं होतास?"

"गावाकडं गेलतो. फाट्यावर गाडी थांबली, पण उतरू वाटंना. तसाच कंधारला गेलो, मग परतीची गाडी धरली."

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि बाबांचा निरोप सांगितला. तो मोठ्यानं रडला. लोक बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फाट्यापर्यंत सोडून आलो. आता तो नांदेडला खाजगी क्लासमध्ये शिकवतो. मी अजून त्याच खोलीत आहे. आमच्या अभ्यासिकेत निकालाच्या दिवशी कुणाला एकटं सोडत नाहीत. सगळे मिळून खिचडी टाकतात.

परवा एका नव्या मुलानं निकाल बघितला आणि खोलीची कडी आतून लावली. आम्ही दार वाजवत राहिलो. त्यानं उघडलं, पण उशिरा. तोवर आमच्यातल्या कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.