शून्य चुका आणि मानपाड्याचा भोंगा

"संध्याताई, दोन मिनिटांचं काम आहे. अप्रूव्ह मार ना," नितीन माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. शुक्रवार, दुपारचे तीन. सोमवारी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात आमचं नवं पॅनेल बसणार होतं आणि नितीनचा कोड माझ्या एका क्लिकसाठी अडला होता. मी क्लिक केलं. वाचलं नाही.

आमच्या ऑफिसात कोड रिव्ह्यू, म्हणजे एकमेकांचा कोड तपासून पास करणं, आणि लग्नातला आहेर यांत फारसा फरक नाही. तुम्ही आमचा मान ठेवलात, आम्ही तुमचा ठेवतो. पाकिटात काय आहे ते समोर उघडून बघायचं नसतं. नितीनने मंगळवारी माझा चारशे ओळींचा कोड चहा निवायच्या आत पास केला होता. मग मी कोणत्या तोंडाने त्याचा वाचणार?

आम्ही ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, गॅसगळती ओळखणारी पॅनेलं बनवतो. प्रत्येक पॅनेलमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो. आपल्याला काय काय जोडलंय हे त्याला आपोआप कळत नाही. ते फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं: इथे सेन्सर, इथे भोंगा, इथे पॅनेलच्या दाराआतला दिवा. या नोंदी एकमेकींचा हवाला देतात. उदाहरणार्थ, गॅस आला तर रिले दोन चालू कर. रिले म्हणजे माणसाऐवजी कॉम्प्युटर दाबतो ते बटण. आता फाइलमध्ये रिले दोन नावाची नोंदच नसेल, तर ते म्हणजे सोसायटीच्या नोटिशीत 'तक्रारी ३०४ मध्ये द्याव्यात' असं लिहायचं आणि इमारत दोन मजली असायची.

असे हवाले खरे आहेत का, हे तपासणारा प्रोग्रॅम नितीनने लिहिला होता. आम्ही त्याला चेकर म्हणतो. वर्षभर त्याचा रिपोर्ट एकच: चुका शून्य. आमचे मॅनेजर पेंडसे सर तो रिपोर्ट भिंतीवरच्या टीव्हीवर लावून ठेवायचे. ग्राहक आले की त्यांना आधी ते शून्य दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

चार वाजता चहाला हार्डवेअरची वर्षा सहज म्हणाली, "नव्या बोर्डावरून रिले दोन काढला गं मी. भोंगा आता चारवर."

"फाइल बदललीस?"

"रिलेंची यादी माझी. ती बदलली. कधी काय वाजवायचं ते तुम्ही लिहिता ना?"

आम्ही लिहितो. आम्ही बदललं नव्हतं. म्हणजे आमच्या फाइलमध्ये भोंग्याचा हवाला अजून रिले दोनचा होता आणि रिले दोन जगात उरला नव्हता. चेकरने बोंब मारायला हवी होती. टीव्हीवर मात्र शून्य होतं.

मी जागेवर आले आणि पहिल्यांदाच चेकर वाचायला घेतला. दोनशेव्या ओळीच्या आसपास एक फंक्शन सापडलं, नाव 'अ‍ॅडजस्ट'. हवाल्यातलं नाव सापडलं नाही, तर ते यादीतलं त्यातल्या त्यात जवळचं नाव उचलायचं, तिथे चिकटवायचं आणि बरोबर म्हणून पुढे जायचं. रिले दोन नाही? घ्या रिले तीन. रिले तीनला दाराआतला दिवा होता.

"नितीन, हे काय आहे?"

"अगं, गेल्या वर्षी सर म्हणालेले, रिपोर्टमध्ये लाल दिसता कामा नये. मग काय करणार? किरकोळ चुका तो सांभाळून घेतो."

"आणि सांगतो कोणाला?"

"सांगायचं कशाला? सांभाळून घेतलं की झालं ना."

"हे पास कोणी केलं?"

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. वर्षापूर्वीची तारीख, पुढे माझं नाव. लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. मी सकाळपासूनची सगळी कामं बाजूला ठेवली आणि दुपारचं अप्रूव्हल मागे घेतलं.

पेंडसे सर पाच मिनिटांत हजर झाले. "संध्या, आज रिलीज आहे."

"सर, भोंगा वाजणार नाही."

"चेकर म्हणतोय सगळं बरोबर आहे."

"सर, तोच तर खोटं बोलतोय."

"एखाद्या टूलवर असे व्यक्तिगत आरोप करू नयेत," सर म्हणाले.

ऑफिसात वाजवून दाखवायची सोय नव्हती. शेजारच्या गाळ्याने आवाजाची तक्रार केल्यावर आमचा चाचणीचा भोंगा भंगारात गेला होता. शेवटी ठरलं की सोमवारी साइटवर बघू. वाजला, तर मी मुकाट्याने अप्रूव्ह करायचं. मी राहते डोंबिवली पूर्वेला, त्यामुळे हरायला फार लांब जावं लागणार नव्हतं.

कारखान्यात मेंटेनन्स म्हात्रे बघतात. टाकीपासून दहा पावलांवर त्यांचं टेबल. पॅनेल बसलं. मी तपासणीच्या गॅसची छोटी बाटली सेन्सरपुढे धरली. स्क्रीनवर आकडा चढत गेला, लाल झाला. भोंगा गप्प.

"काय गो बाय, यो तं बोलतच नाय," म्हात्रे म्हणाले.

"वॉर्मअप होत असेल," सर म्हणाले.

म्हात्र्यांनी पॅनेलचं दार उघडलं. आत दिवा छान पेटला होता. ते थोडा वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले, मग सरांकडे. "म्हंजे गॅस सुटला का पेटीच्या आत बत्ती लागणार. न मी इथं बसलेला. मना कोन सांगल?"

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

फाइलमधला एक आकडा बदलायला पाच मिनिटं लागली. मग भोंगा असा काही वाजला की शेजारच्या कारखान्यातली माणसं गेटवर जमली. म्हात्र्यांनी कानांवर हात ठेवले, पण तोंडभर हसले.

मंगळवारी नितीनने ते फंक्शन काढून टाकलं. या वेळी मी ओळ न् ओळ वाचली, दीड दिवस लागला. सगळ्या फाइली नव्या चेकरमधून काढल्या. एकेचाळीस चुका.

"गेल्या आठवड्यात शून्य होत्या," सर मीटिंगमध्ये म्हणाले. "एका रिव्ह्यूने एकेचाळीस कशा वाढल्या?" त्यांना कोणी समजावलं नाही, कारण सगळ्यांना जेवायला जायचं होतं. टीव्हीवर हल्ली स्टाफच्या वाढदिवसांची यादी असते.

बऱ्याच चुका किरकोळ होत्या. पण एका जुन्या ग्राहकाच्या फाइलमध्ये हाच घोळ निघाला. पॅनेल बसवताना तिथला भोंगा वाजला होता. नंतर आम्हीच ऑफिसातून पाठवलेल्या अपडेटने त्याचा इशारा दाराआतल्या दिव्यावर गेला होता. मी आणि नितीन त्याच दुपारी रिक्षा करून तिथे पोचलो. फाइल सुधारली आणि दिवा बघावा म्हणून पॅनेलचं दार उघडलं. आत नुसता होल्डर होता.

"इथला बल्ब कुठे गेला?" नितीनने ऑपरेटरला विचारलं.

"तो होय? तो मधेच आपोआप लागायचा. महिन्यातून एक-दोनदा. थोड्या वेळाने जायचा. वायरमनला दाखवला, त्यालाही काही कळेना. शेवटी त्याने बल्बच काढून टाकला. तेव्हापासून काही त्रास नाही."

नितीन तिथल्याच एका रिकाम्या पिंपावर बसला. महिन्यातून एक-दोनदा गॅस सुटत होता, तरी तो ऑपरेटर धडधाकट आमच्यासमोर उभा होता आणि त्यात आमचं कर्तृत्व काडीचंही नव्हतं. वायरमनला नावं ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

आता कोणताही चेकर आला की मी आधी एवढंच शोधते: चूक सापडल्यावर हा ती कोणाला सांगतो. बाकीचा कोड त्यानंतर वाचते.